तलावाकाठच्या जुन्या मालगुजारी वाड्यात मुक्काम करायचा आहे. ठरवण्यापूर्वी काय विचारावे?

वर्धेकर लेक यांचा प्रश्न

नमस्कार. दिवाळीनंतर आई, मावशी आणि माझा नऊ वर्षांचा मुलगा यांना घेऊन झाडीपट्टीत (पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखात) दोन रात्री मुक्काम करण्याचा विचार आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात एका माजी मालगुजारी (पूर्वी गावाचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजाराच्या) तलावाच्या पाळीला लागून एक जुना वाडा असून तेथे मालकांनी निवास व न्याहारीची सोय सुरू केल्याचे एका नातेवाइकाकडून कळले. त्यांनी पाठवलेल्या छायाचित्रांत सागवानी खांबांची ओसरी, माडीवरच्या खिडक्यांची रांग आणि त्यापलीकडे काठोकाठ भरलेले पाणी दिसते. दर जवळच्या साध्या लॉजच्या जवळपास दुप्पट आहे, पण जुनी वास्तू राखायची म्हणजे खर्च येणारच, त्यामुळे त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही.

अडचण माणसांची आहे. आईचे गुडघे दुखतात आणि मावशीला दम्याचा त्रास आहे. मुलाला मात्र वाड्यापेक्षा पाण्यात उतरण्याचीच घाई झाली आहे. आमच्या वर्धेकडे पाणी म्हणजे विहीर नाहीतर धरण. तलावांच्या मुलखातले घर कसे असते, तिथे कोणत्या महिन्यात जावे, फोनवर नेमके काय विचारावे, यातले आम्हाला काही कळत नाही. पाटबंधारे खात्याचे विश्रामगृह घ्यावे असाही एक सल्ला मिळाला आहे. ज्यांनी अशा ठिकाणी मुक्काम केला आहे किंवा ज्यांचे त्या भागात राहणे आहे, त्यांनी कृपया सांगावे.

साकोलीचा पाव्हणा यांचे उत्तर

ताई, खोलीची चौकशी नंतर करा, आधी पाण्याची करा. तलावाकाठच्या घरात मुक्काम करताना लोक पलंग, न्हाणी आणि जेवण यांविषयी दहा प्रश्न विचारतात आणि ज्याच्यासाठी दुप्पट पैसे मोजायचे, ते पाणी त्या आठवड्यात खिडकीखाली असेल की अर्धा फर्लांग दूर, हे विचारायचे राहून जाते.

हे तलाव पाहुण्यांसाठी बांधलेले नाहीत, ते धानासाठी आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत मिळून असे सहा हजारांहून अधिक तलाव असून त्यांतले कित्येक कोहळी समाजाच्या पूर्वजांनी गोंड राजवटीच्या काळात बांधलेले आहेत. दोन टेकड्यांमधला किंवा उताराचा भाग पाहून मातीची लांबलचक पाळ घालायची, पाणी सोडण्यासाठी तुडूम ठेवायचे, जास्तीचे पाणी वाहून जाण्यासाठी एका अंगाला सांडवा काढायचा, अशी ही रचना आहे. तलावाचा तळ पसरट आणि उथळ असतो. त्यामुळे तुडूम उघडून पाण्याची पातळी हातभर जरी खाली गेली, तरी काठ बघता बघता कितीतरी लांब सरकतो आणि मध्ये चिखलाचा पट्टा उघडा पडतो. पावसाने भाद्रपदात दगा दिला, तर लोंबीत दाणा भरण्याच्या वेळी शेतकरी पाणी मागणारच आणि ते त्यांना मिळालेही पाहिजे. म्हणून तुम्हाला दाखवलेले छायाचित्र बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरचे असावे, असा माझा अंदाज आहे. मालकांना आजचे छायाचित्र मागा, तेही माडीवरून काढलेले नको, ओसरीच्या पायरीवर उभे राहून काढलेले हवे.

ओसरीवरूनच का, तेही सांगतो. या भागात गाव पाळीच्या खालच्या अंगाला असते, कारण शेते आणि पाट तिकडेच असतात. वाडाही पुष्कळदा पाळीच्या पायथ्याशीच असतो. पाळ एखाद्या पुरुषाच्या दुप्पट उंचीची असली, की तळमजल्यावरून समोर दिसते ती मातीची भिंत आणि तिच्यावरची गवताची झुलपे. पाणी दिसते ते माडीवरून किंवा पाळीवर चढून गेल्यावर. तुमच्या आईंचे गुडघे आणि तलावाचे दर्शन यांची गाठ इथेच पडते. पाळीच्या टोकाला उंचवट्यावर बांधलेला वाडा असेल, तर मात्र खालच्या ओसरीवर बसूनही पाणी दिसते. असे वाडे थोडे आहेत, पण आहेत.

महिन्याविषयी दोन मते आहेत आणि दोन्ही खरी आहेत. भरलेले पाणी आणि त्यावरची कमळे पाहायची असतील, तर पाऊस ओसरल्यावर लगेच यावे. पक्ष्यांसाठी यायचे असेल, तर डिसेंबर-जानेवारीच योग्य, कारण उत्तरेकडून येणारी तलवार बदके, चक्रवाक आणि पट्टकदंब हिवाळ्यातच उतरतात आणि उघडा पडलेला चिखल व गुडघाभर पाणी शेकाट्यांसारख्या पक्ष्यांच्या सोयीचे असते. काठोकाठ पाणी आणि काठोकाठ पक्षी एकाच वेळी मिळतील, असे कोणी सांगत असेल तर त्याच्या बाकीच्या बोलण्यावरही जपूनच विश्वास ठेवावा. सारस दाखवतो म्हणणाऱ्यांचेही तसेच. सारस पाहण्यासाठी गोंदिया तालुक्याकडे, वैनगंगा आणि बाघ नद्यांच्या खोऱ्यातल्या धानबांध्यांकडे जावे लागते, तो प्रत्येक तलावावर हजेरी लावत नाही.

आणखी एक. तलाव वाडेवाल्यांच्या मालकीचा नाही. १८६० च्या दशकात इंग्रजांनी मालगुजारांना गावाचे मालकी हक्क दिले, तेव्हा तलावही त्यांच्याकडे आले. पुढे जुन्या मध्य प्रदेशाने १९५० मध्ये मालकी हक्क संपवणारा कायदा केला आणि ३१ मार्च १९५१ पासून हे तलाव सरकारजमा झाले. घर कुटुंबाकडे राहिले, पाणी गेले. ‘मामा तलाव’ (माजी मालगुजारी तलाव) या आजच्या नावातला ‘माजी’ तिथून आला. आता १०० हेक्टरांपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे असतात, मासेमारीचा ठेका साधारणपणे ढिवरांच्या सहकारी संस्थेकडे जातो आणि गुरे पाण्यावर नेणे, कपडे धुणे हे गावाचे निस्ताराचे हक्क चालत आलेलेच आहेत. त्यामुळे ‘खासगी किनारा’ असे काही तिथे नसते. पहाटे तुमच्या खिडकीखाली जाळे ओढणारी माणसे असतील आणि दहा वाजता म्हशी येतील. ज्यांना याचा त्रास वाटतो त्यांनी येऊ नये, आणि ज्यांना हेच पाहायचे आहे त्यांच्यासाठी यापेक्षा चांगली जागा माझ्या माहितीत नाही.

चुना आणि सागवान यांचे उत्तर

वरील उत्तरात पाण्याची बाजू आली आहे; मी घराची सांगतो, कारण जुन्या घरांच्या दुरुस्तीचे काम करताना अशा वाड्यांच्या भिंती मी फोडूनही पाहिल्या आहेत आणि भरूनही दिल्या आहेत.

मावशींना दमा असल्याचे आपण लिहिले आहे, तेव्हा पहिला प्रश्न भिंतीचा विचारा. मातीची किंवा कच्च्या विटांची जाड भिंत आणि तिच्यावर चुन्याचा गिलावा, ही जुनी रीत. पाळीतून जमिनीत थोडे पाणी पाझरतेच आणि ते भिंतीच्या पायातून वर चढते. चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर सोडतो. अलीकडे पाहुण्यांना चकचकीत दिसावे म्हणून याच भिंतींवर सिमेंटचा गिलावा आणि त्यावर ऑइल पेंट मारला जातो. मग ओल आत कोंडते, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीपर्यंत रंगाला फुगे येतात, नखाने दाबले की पोपडा निघतो आणि मागे काळपट बुरशी दिसते. एका ठिकाणी (गावाचे नाव सांगत नाही) अशा भिंतीला झाकण्यासाठी प्लायवूडचे फलक ठोकले होते आणि खोलीत पाऊल टाकताच ओल्या गोणपाटासारखा वास आला. खोली दाखवणाऱ्याने तो ‘जुन्या वाड्याचा वास’ असल्याचे सांगितले. जुन्या वाड्याला असा वास नसतो. नीट राखलेल्या वाड्याला शेणाच्या सारवणाचा, लाकडाचा आणि फार तर चुलीच्या धुराचा वास असतो. दम्याच्या माणसाने फलक लावलेली खोली घेऊ नये.

दुसरा प्रश्न जिन्याचा. जुन्या वाड्यांचे जिने भिंतीच्या पोटात, अरुंद आणि जवळजवळ उभे असतात, पायऱ्या उंच असतात आणि वरच्या तोंडाला लाकडी झडप असते. ही झडप दरोडेखोरांपासून बचावासाठी होती, पाहुण्यांच्या सोयीसाठी नव्हती. अशा जिन्यावर चढताना गुडघ्यांना जितका त्रास होतो, त्यापेक्षा उतरताना अधिक होतो आणि रात्री तर विचारूच नका. मालकांनी बाहेरून नवा, कठड्याचा जिना केला असेल तर प्रश्न मिटला. तसे नसेल, तर आईंना खालची खोली घ्या आणि सकाळी चहा पाळीवर न्या, कारण पाळीवर चढण्याची वाट बैलबंडीच्या उताराची असते आणि ती जिन्यापेक्षा पुष्कळ सौम्य असते.

तिसरा प्रश्न न्हाणीघर आणि संडास कुठे आहेत, हा. खोलीला जोडूनच असावेत, असे सगळ्यांनाच वाटते. मात्र मातीच्या भिंतीला लागून रोज पाणी सांडणे म्हणजे त्या भिंतीचे आयुष्य कमी करणे होय. समजदार मालक ते मागच्या वाडीत (परसात), थोडे सुटे, पण छत असलेल्या वाटेने जोडलेले बांधतात. मला हीच रीत बरोबर वाटते, तरी आई-मावशींना रात्री उठावे लागत असेल, तर ती वाट किती पावलांची आहे, तिथे दिवा आहे का आणि वीज गेल्यावर काय सोय आहे, हे स्पष्ट विचारावे. खोलीलगत सोय हवीच असेल, तर ती नव्याने बांधलेल्या पक्क्या भागातच आहे ना, याची खात्री करून घ्यावी.

छपराबद्दल थोडक्यात सांगतो. कवेलूंचे छप्पर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी फेरावे (कौले उतरवून पुन्हा नीट बसवावी) लागते, कारण वानरे उड्या मारून कवेलू फोडतात. यंदा फेरले का, एवढे विचारले की मालक वाड्याकडे किती लक्ष देतात, ते उत्तरावरूनच कळते.

वाड्याच्या वयाबाबत एक खबरदारी घ्यावी. ‘तीनशे वर्षांचा वाडा’ असे सांगितले जाते, तेव्हा पुष्कळदा वय तलावाचे असते आणि ते वाड्याला चिकटवलेले असते. मालगुजारांच्या हाती मालकी हक्क आणि पैसा आला तो १८६० नंतर, आणि सागवानाचे भक्कम खांब, कोरीव तुळया, लोखंडी कठडे असलेले मोठे वाडे त्यानंतरच्या काळात उभे राहिले असावेत, असे बांधणीवरून मला वाटते. यात मालकांची लबाडी असतेच असे नाही. घराण्यात तसेच सांगत आले असतील. पण दर वयावरून ठरवला जात असेल, तर हे लक्षात असलेले बरे.

काठावरची काकू यांचे उत्तर

आमच्या घरीही पाहुणे उतरतात, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते. आमचे घर आपण म्हणता ते नव्हे.

निवास व न्याहारी म्हणजे मालकांचे कुटुंब त्याच घरात राहते आणि आपल्या काही खोल्या पाहुण्यांना देते. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाच्या योजनेत अशा घरात १ ते ६ खोल्या आणि जास्तीत जास्त १२ खाटा धरल्या आहेत. राज्याच्या पर्यटन विभागाकडेही नोंदणी होते. नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नये. आम्हाला त्याचा राग येत नाही. मात्र सहाहून अधिक खोल्या असतील आणि मालक नागपुरात राहून व्यवस्थापकामार्फत कारभार पाहत असतील, तर ते हॉटेल समजावे आणि हॉटेलकडून जी अपेक्षा करतो तीच करावी.

दरात फक्त सकाळची न्याहारी येते. पोहे, उकडपेंडी किंवा तांदळाच्या पिठाचे अईते, सोबत जवसाची चटणी आणि चहा, असे आमच्याकडे असते. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाचे पैसे वेगळे असतात आणि ते आदल्या दिवशी सांगावे लागते, कारण इथे हाकेच्या अंतरावर किराणा दुकान नाही. मासे हवे असतील तर ‘मरळ मिळेल का’ असे न विचारता ‘सकाळी जाळ्यात काय येते ते बघून करा’ असे सांगावे. वाडीस, शिंगूर, मरळ, जे निघेल ते. ठरावीक मासा हवाच म्हटले की मग अर्जुनीच्या बाजारातून बर्फातला आणावा लागतो आणि पाहुणे ‘तलावाचा ताजा मासा’ म्हणून आनंदाने खातात. मला ते बरे वाटत नाही. आईंना पचायला हलके हवे असेल, तर चिन्नोरचा मऊ भात आणि वरण सांगा, त्या भाताच्या वासानेच जेवण होते.

दिवाळीनंतर येणार असाल, तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक म्हणजे तेव्हा धानाची कापणी आणि मळणी सुरू असते. मळणीयंत्र गावालगत चालले की बारीक कूस उडते आणि दमेकऱ्यांना तिचा त्रास होतो. मावशींसाठी डिसेंबरचा शेवट किंवा जानेवारी अधिक बरा, तेव्हा मळण्या बऱ्याच उरकलेल्या असतात. थंडी मात्र चांगलीच पडते, तेव्हा स्वेटर, कानटोपी आणि त्यांची औषधे सोबत असू द्या. दुसरे म्हणजे भाऊबीजेपासून आमच्याकडे मंडई (गावोगावच्या जत्रा) आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो. झाडीपट्टीचे नाटक रात्री उशिरा उभे राहते आणि पहाटेपर्यंत चालते. पाण्यावरून आवाज फार लांब जातो. ज्यांना शांत झोप हवी त्यांनी येण्याच्या तारखांना गावात किंवा शेजारच्या गावात नाटक आहे का, ते विचारावे. ज्यांना नाटक पाहायचे आहे त्यांनीही तेच विचारावे. आमच्याकडे उतरलेल्या एका काकांनी पहिल्या रात्री आवाजाची तक्रार केली आणि दुसऱ्या रात्री ते आमच्या घोंगडीसह मंडपात पुढच्या रांगेत बसलेले दिसले.

रेस्टहाऊसवाला यांचे उत्तर

विश्रामगृहाच्या बाजूने कोणीच बोललेले दिसत नाही, म्हणून लिहितो. घोडाझरी, आसोलामेंढा, रामटेकजवळची खिंडसी हे मोठे तलाव विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत सिंचनासाठी बांधले गेले, आणि अशा कामांसाठी त्या काळी बांधलेले बंगले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना माझे म्हणणे पटेल. अधिकाऱ्याला पाण्यावर नजर ठेवायची असे, म्हणून बंगला उंचावर आणि पाण्याकडे तोंड करून बांधत. खोल्या तळमजल्यावर, छत उंच, व्हरांडा रुंद. आपल्या आईंना जिना चढण्याची गरजच पडणार नाही आणि भाडेही वाड्याच्या मानाने किरकोळ असते.

दोष दोन आहेत आणि दोन्ही मोठे आहेत. आरक्षण मिळाले तरी दौऱ्यावरचे अधिकारी आले, की आपले आरक्षण रद्द होऊ शकते, आणि न्याहारीचे सगळे खानसाम्यावर अवलंबून असते. कुठे तो आहे, कुठे त्याची जागा रिकामी आहे. वयस्कर माणसे सोबत असताना हा धोका पत्करायचा का, ते आपण ठरवावे. मी एकटा असतो तेव्हा विश्रामगृहच घेतो.

वर्धेकर लेक

सर्वांचे मनापासून आभार. आज मालकांशी फोनवर सविस्तर बोलणे झाले. वाडा पाळीच्या पायथ्याशीच आहे, म्हणजे खालून पाणी दिसत नाही. हे त्यांनी स्वतःहून सांगितले नव्हते, विचारल्यावर लगेच मान्य केले. खालची एक खोली चुन्याच्या भिंतीची असून तिचे न्हाणीघर मागच्या वाडीत, ‘वीसेक पावलांवर’ आहे. छप्पर मे महिन्यात फेरले आहे. आजचे छायाचित्रही आले. पाणी पाळीपासून आत गेलेले आहे आणि काठाला बेशरमीची झुडपे दिसतात. तरीही आम्ही जानेवारीचा दुसरा आठवडा ठरवत आहोत, कारण आईला पाण्यापेक्षा पक्षी आणि ऊन यांची ओढ अधिक आहे. मुलाच्या पोहण्याचे मात्र कोणी लिहिले नाही.

साकोलीचा पाव्हणा यांचे उत्तर

ताई, पोहू देऊ नका. वरून उथळ दिसणाऱ्या तलावात गाळ मांडीपर्यंत असतो, शिंगाड्याचे आणि कमळाचे वेल पायांना गुंडाळतात, शिंगाड्याचे काटे तळव्यात घुसतात आणि तुडुमाजवळ पाणी एकदम खोल होते. तुडूम उघडे असेल तर तिथली ओढ मोठ्या माणसालाही आवरत नाही. गावची पोरे पोहतात हे खरे, पण त्यांना कुठे पाय टाकायचा ते ठाऊक असते.

त्याऐवजी मालकांना सांगून ढिवर मंडळींपैकी कोणाशी तरी बोलणी करा. सकाळी जाळी काढताना ते लहान मुलाला डोंग्यात बसवून नेतात की नाही, ते त्या त्या माणसावर आणि त्या दिवशीच्या वाऱ्यावर असते. नेत असतील तर तरंगजाकीट वर्धेहूनच घेऊन या, इथे मिळणार नाही, आणि त्यांच्या कामाचा जो वेळ जातो त्याचे पैसे आधी ठरवून थेट त्यांच्याच हातात द्या. नेत नसतील तर काठावर बसून जाळ्यातले मासे सोडवायला मदत करू दिली, तरी मुलाची सकाळ जाईल. मच्छरदाणी खोलीत असते का, तेवढे काकूंनी लिहायचे राहिले आहे. नसली तर आपली घेऊन जा, जानेवारीतही संध्याकाळी डास असतात.

काठावरची काकू यांचे उत्तर

मच्छरदाणी आमच्याकडे प्रत्येक पलंगाला असते; तिथे आहे का ते विचारून घ्या. वीस पावलांच्या वाटेसाठी मावशींना बॅटरी आणि बंद चपला द्या, वाडीत रात्री उघड्या पायांनी कोणीही फिरू नये. गरम पाण्याची बादली सकाळी सहाला हवी असेल तर रात्रीच सांगून ठेवा, चूल पेटायला वेळ लागतो.